पेन्सिलीतलं नाव

माणूस विक्षिप्त होता हे आधीच सांगून ठेवतो. म्हणजे पुढे मी त्याला दोन शिव्या घातल्या तर कोणी मनाला लावून घ्यायचं नाही. शिव्या घालायचा मला हक्क आहे. सात वर्षं तो माझ्या पडवीतल्या खोलीत राहिला आणि सात वर्षं माझ्या बायकोच्या हातचं जेवला. आणि खरं सांगायचं तर त्यातल्या निम्म्या शिव्या माझ्या मलाच आहेत.

जमीन मोजणीच्या खात्यातनं निवृत्त झालेला. मूळचा घाटावरचा. लग्न केलेलंच नव्हतं. निवृत्त झाला की माणूस आपल्या गावाला जातो, हा आमच्या गावात आला. आमचं गाव रत्नागिरीहून जयगडकडे जाताना खाडीच्या अंगाला. खाली आमची खारव्यांची, म्हणजे मासे धरणाऱ्यांची वाडी, मधे उभी चढण, वर कातळाचा सडा, म्हणजे उघडं माळरान, आणि सड्यापलीकडे शेतकऱ्यांच्या वाड्या. नोकरीत असताना तो इथे मोजणीला यायचा, तेव्हाच त्याच्या डोक्यात काय शिरायचं ते शिरलं असणार.

खोली बघायला आला तेव्हा भाडं विचारलं नाही. छत्री पुढे केली. तिच्या दांड्यावर ठरावीक अंतरानं लाल रंगाच्या खुणा होत्या. त्या छत्रीनं त्यानं माझी पडवी मोजली, ओटी मोजली, आणि मला म्हणाला, "तांडेल, तुमची उत्तरेची भिंत दक्षिणेच्या भिंतीपेक्षा सहा बोटं आखूड आहे."

"मग काय, पाडू काय?" मी म्हटलं.

"नको. पण माहीत असावं."

हे त्याचं वाक्य. पाडायचं नाही, बदलायचं नाही, पण माहीत असावं. वाडीतली सगळी माणसं त्याला मोजणीवाले म्हणायची, आणि तो मला तांडेल म्हणायचा. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य. मी तांडेल होतो खरा, पण कायम दुसऱ्याच्या लाँचवर. स्वतःची कधी झाली नाही. त्यामुळे त्यानं तांडेल म्हटलं की मला बरं वाटायचं आणि जरा टोचायचंही.

डावं-उजवं हे शब्द त्याच्या तोंडात नव्हते. सगळं दिशेनं. पहिल्या दिवशी पानावर बसला आणि म्हणाला, "वहिनी, मीठ जरा उत्तरेला सरकवा." आमची अनशी भांबावून माझ्याकडे बघायला लागली. अनशी म्हणजे माझी बायको. नाव अनुसया, पण वाडीत कोणी तिला अनुसया म्हटलेलं मी ऐकलं नाही. आठ दिवसांनी तीच मला सांगायला लागली, "अवो, तुमच्या पश्चिमेच्या गालावर माशी बसलीय." हसायची. चौथीसुद्धा न शिकलेली बाई, पण दिशा तिला माझ्यापेक्षा लवकर कळल्या.

घाटावरचा म्हणून आधी मासे बघून तोंड फिरवायचा. तिनं त्याला कोलमाच्या, म्हणजे बारीक सुक्या कोळंबीच्या चटणीनं बाटवला. भाकरीला लावून दिली, हे काय आहे ते सांगितलंच नाही. वर्षभरानं तो बाजारात लांबनं सरंगा ओळखायला लागला. पण सरंग्याच्या आधी तो कोणत्या खडकाजवळ मिळाला ते विचारायचा. खडकाचं नाव कळल्याशिवाय घास घशाखाली उतरत नसे त्याच्या.

आता त्याच्या वहीबद्दल सांगतो. सगळं प्रकरण त्या वहीचंच आहे.

जाड पुठ्ठ्याची, कापडी पाठीची लांब वही. तिच्यात तो गावातल्या जागांची नावं लिहायचा. गावाचं नाव नाही, वाडीचं नाही. शेताच्या तुकड्याचं, पऱ्यावरच्या, म्हणजे ओढ्यावरच्या डोहाचं, खाडीतल्या खडकाचं, वाटेच्या वळणाचं. म्हणायचा, "सरकारी नकाशावर नंबर आहेत. नंबरानं जमीन विकता येते तांडेल, हरवलेली म्हैस शोधता येत नाही." आणि ते खरं होतं. म्हैस कुठं आहे असं विचारलं तर कोणी सर्व्हे नंबर सांगत नाही.

खोलीच्या भिंतीवर त्यानं एक कागद चिकटवला होता. त्याच्या पुतण्यानं कॉम्प्युटरवरनं छापून आणलेला. विलायतेच्या उत्तरेला स्कॉटलंड म्हणून मुलूख आहे, तिथल्या कुठल्याशा गावच्या जुन्या मोजणीचं पान. हातानं लिहिलेलं, बारीक, इंग्रजी. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण त्यानं इतक्या वेळा समजावलं की मला ते पान पाठ झालं. एका बाजूला जागेचं नाव. मधे तीन माणसं, हे नाव खरं म्हणून सांगणारी. कोणी पाद्री, कोणी पोस्टवाला, कोणी मेंढ्या राखणारा. आणि शेवटी ती जागा कशी आहे त्याचं वर्णन. "बघा," म्हणायचा, "एका ओढ्याचं नाव विचारायला मोजणीचा साहेब धनगराच्या दारात जाऊन उभा राहिला. आमच्याकडे मोजणी झाली तेव्हा साखळी शेतात गेली, कान नाही गेला. मीसुद्धा तीस वर्षं साखळीच धरली."

हे बोलताना त्याचा आवाज खाली जायचा. मला वाटतं त्या तीस वर्षांची भरपाई म्हणून तो इथे आला होता.

तर त्याचाही नियम तोच. तीन साक्षीदार. म्हणायचा, "एकानं सांगितली ती गोष्ट, दोघांनी सांगितली ती भानगड, तिघांनी सांगितलं ते नाव." एकानं किंवा दोघांनी सांगितलं की तो पेन्सिलीनं लिहायचा. तिसरा मिळाला की त्याच संध्याकाळी हातपाय धुऊन, चष्मा पुसून, शाईनं. आणि एकदा शाई लागली की लागली. खोडणं नाही.

साक्षीदाराला विचारायची पद्धतही वाकडी. नाव पुढ्यात टाकायचं नाही. "त्या डोहाला अमुक म्हणतात ना?" असं विचारायचं नाही, कारण मग समोरचा भिडेनं होय म्हणतो. फक्त जागेचं वर्णन करायचं आणि गप्प बसायचं. मग तो माणूस डोकं खाजवेपर्यंत हा त्याच्या दारात बसून राहणार. एकेका नावासाठी दोन दोन तास. वाडीतली माणसं त्याला लांबनं बघून घरात शिरायची. "आला रे आला, मोजणीवाला आला, आता तुझ्या परसाचं नाव विचारील."

आमच्याकडे एक म्हातारा होता, जिभेचा सैल आणि चहाचा भुकेला. त्यानं एका बावीचं, म्हणजे विहिरीचं, पहिल्या दिवशी एक नाव सांगितलं. चहा मिळाला. दुसऱ्या दिवशी आणखी आठवलं म्हणून आला, तिसऱ्या दिवशी आणखी एक. मोजणीवाल्यानं तिन्ही दिवस चहा पाजला आणि चौथ्या दिवशी सांगितलं, "आजोबा, चहाला रोज या. पण एका जागेला एक माणूस एकच नाव देतो. पहिलं सांगितलंत तेच तुमचं." दुसरा एक पुढारी पटांगणाला स्वतःचं नाव आहे म्हणून लिहवून घ्यायला आला होता. त्याला म्हणाला, "ज्याच्या नावाची जागा, त्याची साक्ष मी घेत नाही." असे नियम तो प्रसंग पडेल तसे करायचा, पण एकदा केला की स्वतःच्या बापाला सुद्धा सूट दिली नसती.

आणि श्रावणातला एक दिवस त्याचा गिरवायचा. आमच्याकडची हवा ओली. पावसाळ्यात कागद भाकरीसारखा मऊ पडतो, पेन्सिल फिसकटते. म्हणून दर श्रावणात तो सकाळपासून वही घेऊन बसायचा आणि पेन्सिलीतली नावं एकेक करून पुन्हा गिरवायचा. ज्यांना अजून तिसरा मिळाला नाही ती. मी एकदा म्हटलं, "साहेब, बिगारीतल्या पोरासारखं गिरवता काय?"

मान वर न करता म्हणाला, "गिरवलं नाही तर राहत नाही हो."

आता माझं सांगतो. हे कोणाला सांगितलेलं नाही.

आमच्यात रीत अशी, की मासे धरायचे पुरुषांनी आणि विकायचे बायकांनी. आमच्या तरुणपणी बायका टोपली डोक्यावर घेऊन चढण चढायच्या आणि सड्यापलीकडच्या वाड्यांत दारोदार फिरायच्या. चढणीला पाखाडी आहे, म्हणजे कातळाच्या पायऱ्या. ओली टोपली एकदा डोक्यावर चढवली की उतरवायला आणि परत चढवायला दुसरी बाई लागते. एकटी असली तर अर्ध्या वाटेवर दम घ्यायची सोय नाही.

लग्नाला दुसरं वर्ष होतं. अनशीला आठवा लागला होता. एका सकाळी मला म्हणाली, "महिनाभर तेवढी मधल्या वळणापर्यंत टोपली आणून द्याल काय? पुढं माझी मी जाईन."

मी म्हटलं, "मी टोपली घेऊ डोक्यावर? उद्या लुगडं पण नेसव."

परत बोलली नाही. कधीच नाही बोलली. तेव्हा वर सड्यावर चिऱ्याची, म्हणजे बांधकामाच्या जांभ्या दगडाची खाण होती, तिथे मोडके चिरे पडलेले असायचे. मासे विकून येताना रिकाम्या टोपलीत ती एक अर्धा चिरा घालून आणायची आणि वळणावर ठेवायची. रोज एक. दुसऱ्या बायकांनी बघितलं, त्या पण आणायला लागल्या. महिना भरायच्या आत वळणावर छातीभर उंचीचा ओटा उभा राहिला. डोकं जरा वाकवलं की टोपली सरकून त्यावर बसते. निघताना डोकं खाली घातलं की परत डोक्यावर. दुसरीची गरज नाही. टोपली टेकायची म्हणून टेका. आणि बायकांनी त्याला नाव दिलं अनशीचा टेका. "अनशीच्या टेक्याशी भेट गो," अशा एकमेकींना हाका मारायच्या. चाळीस वर्षं मारल्या.

मी तेव्हा तिला काय म्हटलं ते पण सांगून टाकतो. म्हटलं, "गवंडीकाम शिकलीस काय? दगड रचून पोट भरणार हाय?" आणि त्या वाटेनं मी पाऊल टाकलं नाही. वर जायचं तर गाडीरस्त्यानं वळसा घालून जायचो. ती टोपली मी चार पावलं उचलली असती तर तो ओटा झालाच नसता, हे तिथल्या प्रत्येक चिऱ्याला माहीत होतं.

मोजणीवाला राहायला येऊन तिसरं वर्ष असेल. पावसाळा, होड्या बंद, मी घरात. दुपारी जेवायला बसलो असताना त्यानं वही जवळ ओढली. म्हणाला, "तांडेल, पाखाडीच्या मधल्या वळणावर पूर्वेच्या अंगाला चिऱ्यांचा ओटा आहे. छातीइतका उंच. दोन जणींनी नाव दिलंय, पेन्सिलीत आहे. तिसरी साक्ष मिळत नाही. टोपली घेऊन चढणाऱ्या आता उरल्यात किती. तुम्ही काय म्हणता त्याला?"

आणि नियमाप्रमाणे गप्प बसला.

आत चुलीशी अनशी भाकरी थापत होती. थापायचा आवाज थांबला. तिची साक्ष चालत नव्हती, जागा तिच्या नावाची. साक्ष माझी हवी होती. एवढं मला सुद्धा कळत होतं.

मी काय विचार केला? सांगतो. विचार केला, हे वहीत लागलं तर उद्या कोणी विचारील ही अनशी कोण, हिनं हे कशाला रचलं. मग कोणीतरी सांगील. आणि दुसरं असं वाटलं, की माझ्या नावाची एक होडी नाही, आणि हिच्या नावाचा दगड वहीत जाणार. हेही वाटलं. खोटं कशाला बोलू.

"त्याला कावळ्याचा दगड म्हणतात," मी म्हटलं. "बायका मासे ठेवतात, कावळे येतात."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग पेन्सिल घेतली आणि लिहिलं. आत भाकरी थापायचा आवाज परत सुरू झाला.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पेन्सिलीत एक साक्ष पडून राहिली असती. पण संध्याकाळी जेटीवर दोन दोस्त भेटले. त्यांना म्हटलं, "मोजणीवाला वळणावरच्या ओट्याचं नाव विचारील. कावळ्याचा दगड सांगा."

एक जण म्हणाला, "अरे, वयनीचा टेका ना तो?"

"सांग रे तू. गंमत करू त्याची."

दोघांनी सांगितलं. वेगवेगळं, न चुकता. तीन साक्षी झाल्या.

त्या वेळी मात्र त्यानं त्याच संध्याकाळी शाई काढली नाही. आठ दिवस वही उघडून बंद करायचा. मला वाटलं शाई संपली असेल. नवव्या दिवशी चष्मा पुसला आणि लिहून टाकलं.

त्या रात्री वाढताना अनशी एवढंच म्हणाली, "कावळं बसतात खरं." आणि आमटी वाढून आत गेली.

पुढच्या वर्षी पंचायतीनं त्याची वही मागून घेतली आणि गावात ठिकठिकाणी नावांचे बोर्ड लावले, पाहुण्यांना गाव कळावं म्हणून. निळ्यावर पांढरी अक्षरं. वळणावर पण लागला. कावळ्याचा दगड. मुंबईची पोरं मे महिन्यात तिथे उभी राहून फोटो काढायला लागली. अनशी तेव्हाही त्या वाटेनं जायची, टोपली नव्हती, हातात पिशवी असायची. चढताना त्या ओट्यावर पिशवी टेकायची, बोर्डाच्या खालीच. हे मी बघितलेलं नाही. लोकांनी सांगितलं.

मग मोजणीवाल्याच्या डोळ्यांत काचबिंदू वाढला. पुतण्यानं रत्नागिरीजवळ भाट्याला घर बांधलं होतं, तो त्याला घेऊन गेला. जाताना अनशीनं कोलमाची बरणी दिली. म्हणाला, "वहिनी, तुमच्या घराला माझ्यामुळं काही..." आणि थांबला. ती म्हणाली, "दक्षिणेच्या खिशात ठेवा, सांडंल नायतर." दोघं हसले. मी बाजूला उभा.

दोन वर्षांमागे अनशी गेली. झोपेतच गेली, कोणाला काही करायला लावलं नाही.

दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवला. कावळे झाडावर बसून होते, दोन हातांवर होते, पण शिवेनात. तास गेला. माणसं पुढे होऊन बोलायला लागली. पोरगी म्हणाली, "आई, मी बाबांकडे बघीन." जावई काही म्हणाला. शेजारीण म्हणाली, तुझी तुळस मी सांभाळीन. नाही शिवला. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पुढे गेलो. मोठ्यानं बोलायची लाज वाटली. मनात म्हटलं, तुझा टेका तुझ्या नावावर करतो.

मी मागे सरतोय तोवर कावळा उतरला.

तेरावा झाला आणि मी भाट्याला गेलो. तो ओटीवर बसला होता, समुद्राकडे तोंड करून, बघायला डोळे नव्हते तरी. पावलावरनं ओळखलं. "या तांडेल. पूर्वेला खुर्ची आहे."

अनशी गेल्याचं त्याला कळलं होतं. मी खुर्चीत बसलो आणि घडाघडा बोललो. टोपली, चिरे, जेटीवरचे दोस्त, सगळं. म्हटलं, "तो टेका अनशीचा. तुम्ही बदला. वहीत बदलून पंचायतीला पत्र द्या. मला बोर्ड बदलायचाय."

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला.

"ठाऊक होतं? मग लिहिलंत कशाला?"

"तिघे आले. मी आपल्या मनानं ठरवायला लागलो तर ती माझी वही झाली, गावाची राहिली नाही." मग म्हणाला, "आठ दिवस थांबलो होतो मी. तुमच्याच घरात होतो. एका भिंतीचं अंतर. तुम्ही आला नाहीत."

तरी मी बोललो, कारण गप्प बसायची मला सवय नाही. "आता आलोय ना? दोघींच्या साक्षी आहेत तुमच्याकडे. त्या मेल्या म्हणून काय झालं?"

"माणूस मेला तरी साक्ष मरत नाही. त्या दोन आहेत."

"तिसरी माझी घ्या."

"तुमची झाली आहे, तांडेल. एका जागेला एक माणूस एकच नाव देतो."

त्या वेळी मात्र मी त्याला शिव्या घातल्या. म्हटलं, सात वर्षं तिच्या हातचं खाल्लंत, आणि तिच्या नावासाठी एक नियम मोडवत नाही? हातातली काठी आपटली. आतनं पुतण्या धावत आला. म्हातारा तसाच बसून. मग म्हणाला, "तुम्ही नियम मोडून नाव घालवलंत. मी नियम मोडून परत आणलं तर ते तुमच्यासारखंच झालं. दुसरं कोणी आठवा. जिनं ते नाव तोंडानं घेतलंय अशी."

वाडीतल्या त्या पिढीच्या बायका एकेक करून गेलेल्या. उरली कोण? मग माझ्या डोक्यात उजेड पडला. पोरगी. जयगडला दिलेली, जावई तिथल्या बंदरावर कामाला. लहानपणी आईच्या मागे तीच चढण चढायची. तिच्यासाठीच तर तो टेका उभा राहिला, ती पोटात होती म्हणून. मी फोन काढून त्याच्या हातात दिला. पुतण्यानं आवाज मोठा केला.

"मोजणीवाले काका बोलतोय, बाळ."

"काका, बरे आहात ना? चटणी संपली असेल. आता मी पाठवीन."

"पाठव. एक विचारायचं होतं. पाखाडीच्या मधल्या वळणावर, पूर्वेच्या अंगाला, चिऱ्यांचा ओटा आहे. त्याला काय म्हणता?"

आणि गप्प बसला. एक शब्द मी बोललो असतो तर साक्ष बाद झाली असती.

"कावळ्याचा दगड ना? बोर्ड आहे की तिथे."

"बोर्डाच्या आधी?"

"आधी..." ती थांबली. "आधी काहीतरी वेगळं म्हणायच्या खऱ्या बायका. मी दहा-बारा वर्षांची असेन, मग शाळेला रत्नागिरीत मामाकडे गेले. थांबा हां. आठवत नाय ओ काका. गेल्या गणपतीत मी आईला विचारलं होतं. तिथेच बसलो होतो आम्ही. म्हटलं, आई, ह्याला आधी काय म्हणायचे गो?"

"काय म्हणाली?"

"म्हणाली, तुझ्या बापसानं सांगितलंय ना, तेच."

त्यानं फोन परत दिला. मी कानाला लावला नाही. पोरगी पलीकडनं हॅलो हॅलो करत होती.

म्हातारा म्हणाला, "वहिनींनी तुमची साक्ष मोडली नाही, तांडेल." आणि आपला पंचा डोळ्यांना लावला. काचबिंदूच्या डोळ्यांना पाणी येतं असं म्हणतात. असेल.

त्यानंतर मी दोन-तीनदा गेलो भाट्याला. पुन्हा तो विषय निघाला नाही. एकदा मी उगीच विचारलं, "तुमच्या वहीत पेन्सिलीतली किती राहिली असतील?" म्हणाला, "बरीच. गावातली बरीच माणसं माझ्या आधी गेली. मी उशिरा आलो." दोघांनी चहा घेतला. तो उशिरा आला, मी वेळेवर असून उपयोग नाही. कोणाचं जास्त वाईट ते तेव्हा ठरवता आलं नाही. आता वाटतं, माझंच.

गेल्या उन्हाळ्यात तो वारला. पुतण्या वही घेऊन माझ्याकडे आला. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. म्हणाला, "काकांनी सांगितलं होतं, तांडेलांकडे द्यायची." मी म्हटलं, मला वाचता येतं इतकंच, मी काय करू हिचं? तो म्हणाला, मला तेवढंच सांगितलंय.

पान शोधायला मला दोन दिवस लागले. वर शाईत कावळ्याचा दगड. समोर तीन नावं, पहिलं माझं. तिघांतला आता मी एकटा. त्याच्या खाली दोन ओळी सोडून पेन्सिलीत, अनशीचा टेका. त्यापुढे दोन बायकांची नावं. तिसरी जागा रिकामी. आणि शेवटी वर्णन, त्याच्या बारीक अक्षरात: चिऱ्यांचा ओटा, छातीइतका उंच, एका बाईनं बांधला, टोपली दुसऱ्याच्या मदतीशिवाय उतरवता यावी म्हणून.

बाकीच्या पानांवरची पेन्सिल पुसट झाली होती, काही नावं तर लागतच नव्हती. डोळे गेल्यावर त्याला सगळी कुठून गिरवता येणार. पण ही ओळ काळीकुळकुळीत. अक्षरं एकावर एक चढलेली, काही ओळीच्या बाहेर गेलेली, जाडजूड. पुतण्याला विचारलं. म्हणाला, "दर श्रावणात काका मला हेच एक पान काढायला लावायचे आणि पेन्सिल त्या अक्षरावर ठेवून द्यायला सांगायचे. पुढं बोटानं चाचपत स्वतः."

आता पाखाडीनं कोणी चढत नाही. मी चढतो. वळणावर पोचलो की हातातली पिशवी त्या ओट्यावर ठेवतो. छातीला बरोबर लागतो. कोणी भेटलं तर सांगतो, हा अनशीचा टेका. माणसं बोर्डाकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात, म्हातारं एकटं पडलंय असं मनात म्हणतात आणि हो हो करतात. ती साक्ष होत नाही. नाव मी पुढ्यात टाकलेलं असतं.

कावळ्याला मी फसवलं, एवढं खरं. शब्द दिला आणि तो उतरला.

परवा श्रावणातला पहिला सोमवार झाला. सकाळी दुकानातनं पेन्सिल आणली, टोक काढलं, ओटीवर उत्तरेकडे तोंड करून बसलो. माझं शिक्षण चौथी, तीही नापास. स्वतःहून चार ओळी नीट लिहायला मला आजसुद्धा घाम फुटतो, हे लिहिताना फुटलाच. पण गिरवायला शिकावं लागत नाही. दुसऱ्यानं लिहिलेल्यावर हात ठेवायचा आणि ओळीबाहेर जायचं नाही.

तिसरी जागा रिकामी आहे. तिथे मी पेन्सिल टेकवली नाही.